टॅब टीव्हीला जोडायचाय? आधी भोक तपासा, मग वायर घ्या

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू मोडी लिपीचा वर्ग घेतात. पुण्यात सदाशिव पेठेतला एक छोटा हॉल, शनिवारची संध्याकाळ, पंधरा-वीस विद्यार्थी. त्यात कॉलेजची मुलं असतात, तसे घरातली जुनी कागदपत्रं वाचायची हौस असलेले निवृत्त लोकही. मोडी ही लपेटीची लिपी, हात न उचलता लिहायची. फळ्यावर खडूने ती लिहायची म्हणजे खडू तरी मोडतो नाहीतर लपेट तरी. म्हणून काकूंनी पेनवाला टॅब घेतला आणि मला हाक मारली, "अरे, मी इथे लिहीन ते तिथे भिंतीवरच्या टीव्हीवर दिसायला हवं. बाकी काही नको. एक वायर आणून दे."

मी एक सोडून तीन वायरी आणल्या. त्यातल्या दोन अजून माझ्या खणात पडून आहेत. टीव्हीवर मात्र "नो सिग्नल" ही पाटी इकडून तिकडे तरंगत राहिली. दोष वायरींचा नव्हताच. त्या टॅबच्या भोकातून चित्र बाहेर पडायची सोयच नव्हती, आणि हे मी आणायच्या आधी पाहायला हवं होतं, आणल्यानंतर नव्हे. म्हणून हा लेख केबलपासून नाही, भोकापासून सुरू होतो.

पोर्ट बोलका आहे की मुका

आजच्या बहुतेक टॅबना खाली यूएसबी-सी हे लंबगोल भोक, म्हणजे पोर्ट, असतं. ते २०१४ मध्ये आलं आणि सगळ्यांची समजूत झाली की आता सगळं सगळ्याला लागणार. लागतं खरं, पण चालतंच असं नाही. यूएसबी-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव. त्यातून काय काय वाहणार, ते टॅब बनवणाऱ्याने आत कोणत्या जोडण्या दिल्यात त्यावर ठरतं. चार्जिंग सगळ्यांत असतं. पेनड्राइव्ह वाचणं, म्हणजे ओटीजी, बहुतेकांत असतं. चित्र बाहेर काढण्यासाठी मात्र "डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड" नावाची वेगळी सोय लागते. त्यात या भोकातल्या काही तारा चित्रासाठी दिल्या जातात. स्वस्त टॅबमध्ये त्या तारा आत जोडलेल्याच नसतात.

दुकानदार इथे हमखास एक गोष्ट सांगतो, "पेनड्राइव्ह चालतो ना? मग टीव्ही पण चालेल." याचा त्याच्याशी काही संबंध नाही. फास्ट चार्जिंग होतं म्हणजे चित्र येईल, यालाही अर्थ नाही.

मग ओळखायचं कसं? सेटिंग्जमध्ये "अबाउट टॅबलेट"मध्ये जाऊन मॉडेलचा नेमका क्रमांक लिहून घ्या. "दहा इंची, राखाडी" एवढ्याने भागत नाही. मग बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर त्या मॉडेलचा तपशील उघडा आणि यूएसबीची ओळ शोधा. तिथे "डिस्प्लेपोर्ट", "व्हिडिओ आउट" किंवा "एचडीएमआय अडॅप्टर सपोर्ट" (एचडीएमआय म्हणजे टीव्हीचं चित्र-आवाजाचं भोक) असं लिहिलं असेल तर काम झालं. "यूएसबी ३.१" किंवा "३.२" लिहिलं असेल तर आशा आहे, पण खात्री नाही. नुसतं "यूएसबी २.०" असेल, तर अँड्रॉइड टॅबच्या बाबतीत जवळजवळ नक्की समजा की भोक मुकं आहे, म्हणजे चित्र देत नाही. विकणाऱ्या साइटवरच्या प्रश्नोत्तरांवर विसंबू नका. तिथे "हो, चालतं" म्हणणाऱ्याने बऱ्याचदा टीव्हीवर वायफायने चित्र नेलेलं असतं.

आयपॅडचं तुलनेने सरळ आहे. यूएसबी-सी असलेला कोणताही आयपॅड वायरने चित्र बाहेर देतो. म्हणजे २०१८ पासूनचे प्रो, २०२० पासूनचे एअर, २०२१ पासूनचे मिनी आणि २०२२ साली आलेला दहाव्या पिढीचा साधा आयपॅड. या शेवटच्याची गंमत अशी की त्याचं भोक यूएसबी २.० च्या वेगाचं आहे, तरी तो चित्र देतो. ४के (अतिबारीक चित्र) असेल तर ते सेकंदाला ३० वेळा बदलतं आणि १०८०पी (साधं फुल एचडी) असेल तर ६० वेळा. वरचा यूएसबी २.० चा नियम त्याला लागू नाही, एवढं लक्षात ठेवा. ज्यांच्याकडे जुन्या चपट्या लायटनिंग भोकाचा आयपॅड आहे, त्यांना ॲपलचाच लायटनिंग डिजिटल एव्ही अडॅप्टर लागतो. तो १०८०पी पर्यंत चित्र देतो, आणि त्याच्या बाजूच्या भोकात चार्जरही लावता येतो. स्वस्तातल्या नकली अडॅप्टरवर पैसे घालवू नका. आज चालतो आणि पुढच्या अपडेटनंतर रुसून बसतो.

सॅमसंगमध्ये "टॅब एस" मालिकेतले वरच्या किमतीचे टॅब, म्हणजे २०१८ च्या एस४ पासून पुढे एस६, एस७, एस८, एस९, हे चित्र देतात. "टॅब ए" मालिका देत नाही. मधले टॅब फसवतात. एस६ लाइट नावाने एस६ चा भाऊ, पण भोक मुकं. एस९ एफईचंही तेच. नावाच्या शेवटी "लाइट" किंवा "एफई" दिसलं की थांबा आणि तपशील पुन्हा वाचा.

जुना, छोट्या मायक्रो यूएसबी भोकाचा टॅब असेल, तर एमएचएल नावाची एक जुनी पद्धत होती, पण ती काही मोजक्या मॉडेलांतच असायची. त्याच्या मागे लागू नका. सरळ खाली बिनतारी पद्धतीचा भाग वाचा.

काय आणायचं

भोक बोलकं निघालं, तर तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे एका टोकाला यूएसबी-सी आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी सलग केबल. स्वस्त आणि सुटसुटीत, पण चित्र चालू असताना चार्जिंग करता येत नाही, कारण भोक एकच. अर्ध्या तासाच्या सादरीकरणाला ही पुरते. दोन तासांच्या वर्गाला पुरणार नाही. पडद्यालाही चित्र द्यायचं म्हटल्यावर टॅबची बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते.

दुसरी वाट हबची: बोटभर वायरला लटकणारा एक छोटा डबा. त्यात एचडीएमआयचं भोक, चार्जर लावायचं यूएसबी-सी भोक, आणि माऊस-पेनड्राइव्हसाठी एक-दोन साधी भोकं असतात. माझं मत विचाराल तर हाच घ्या. घेताना दोन गोष्टी बघा. चार्जिंगच्या भोकावर "पीडी" (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे वीज पोहोचवणारं) लिहिलेलं हवं, कारण काही हबमधलं ते भोक फक्त डेटाचं असतं. आणि एचडीएमआयपुढे "४के ३० हर्ट्झ" लिहिलंय की "४के ६० हर्ट्झ" ते पाहा (हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते). साध्या टीव्हीसाठी आणि हॉलसाठी ३० वालाही चालेल, कारण १०८०पी वर तोही ६० देतो. पण घरच्या टेबलावर ४के मॉनिटर लावून माऊसने काम करायचं असेल, तर ३० वर कर्सर अडखळत चालल्यासारखा वाटतो. तेव्हा ६० वाला घ्या आणि एचडीएमआय केबलही २.० किंवा त्यापुढची. एचडीएमआय १.४ ला ४के मध्ये ३० च्या वर जाता येत नाही.

तिसरी वाट फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्या मॉनिटरलाच यूएसबी-सी आहे. एकच केबल, चित्रही जातं आणि मॉनिटर टॅबला चार्जही करतो. पण इथेही एक खड्डा आहे. टॅबच्या खोक्यात आलेली केबल बहुतेक वेळा फक्त चार्जिंगची असते, तिच्यात चित्राच्या तारा नसतात. ती लावली की टॅब चार्ज होतो आणि मॉनिटर काळा राहतो. "यूएसबी ३.२" किंवा "थंडरबोल्ट" लिहिलेली जाडसर केबल लागते. मॉनिटरच्या खोक्यात बहुधा ती मिळते, फक्त खोकं रद्दीत दिलेलं नको.

आणखी एक चूक लोक करतात, आणि ती मीही केलीय. यूएसबी-सीकडून एचडीएमआयकडे जाणाऱ्या केबलमध्ये एक चिप असते आणि ती एकाच दिशेने काम करते. लॅपटॉपचं एचडीएमआय टॅबच्या यूएसबी-सीत घालून टॅबचाच मॉनिटर करायचा प्रयत्न केला, तर काही होत नाही. टॅबच्या पडद्यावर लॅपटॉप बघायचा असेल तर तो वेगळा खेळ आहे. मॅक आणि आयपॅड असेल तर २०१९ पासूनचं साइडकार, विंडोज आणि सॅमसंग टॅब असेल तर सेकंड स्क्रीन. लेनोव्होच्या योगा टॅब १३ ला मात्र खरोखरचं मायक्रो एचडीएमआय भोक आहे, पण तेही चित्र आत घेण्यासाठी. टॅबच्या अंगावर एचडीएमआय दिसलं की ते बाहेर देण्यासाठीच असणार असं धरून चालू नका.

तापकीर गल्लीत जाताना

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत असं सामान ढिगाने मिळतं. गाडी नेऊ नका, मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा. सोबत टॅब, त्याचा चार्जर आणि दुकानात बोलायला थोडा धीर न्या. "टॅबला टीव्ही जोडायची केबल द्या" असं म्हणू नका. "पीडी चार्जिंग असलेला यूएसबी-सी ते एचडीएमआय हब दाखवा, आणि इथेच लावून दाखवा" असं म्हणा. दुकानात कुठला ना कुठला पडदा लावलेला असतोच. चित्र आलं तर पैसे द्या. "घरी जाऊन बघा, नाही चालला तर बदलून देतो" यावर माझा विश्वास राहिलेला नाही. बदलून देताना तोच माल मिळतो, वेगळ्या खोक्यात.

तपासताना प्लग उलटा करूनही लावून बघा. यूएसबी-सी दोन्ही बाजूंनी सारखंच चालायला हवं, पण हलक्या हबमध्ये एका बाजूने चित्र येतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं मी पाहिलंय. असा हब सरळ परत द्या.

एचडीएमआय केबल हॉलच्या मापाने घ्या. घरी दोन मीटर पुरते. हॉलमध्ये टीव्हीपासून टेबलापर्यंत जमिनीवरून फिरवायची तर पाच मीटर. त्यापेक्षा लांब साध्या केबलवर ४के ची अपेक्षा ठेवू नका, १०८०पी वर समाधान माना. मोडीच्या अक्षरांना तेवढं पुष्कळ झालं.

जोडण्याचा क्रम

क्रम चुकला तरी काही जळत नाही, पण नीट पाळला तर अर्ध्या कटकटी वाचतात.

आधी टीव्ही चालू करा. एचडीएमआय केबल टीव्हीच्या भोकात घाला आणि त्या भोकाचा क्रमांक वाचून ठेवा. रिमोटवरचं "सोर्स" किंवा "इनपुट" दाबून तोच क्रमांक निवडा. केबलचं दुसरं टोक हबमध्ये. मग चार्जर हबच्या पीडी भोकात लावा आणि भिंतीवरचं बटण दाबा. टॅब सगळ्यात शेवटी. टॅब उघडलेला, पडदा जागा असू द्या. कुलूप लागलेल्या टॅबला जोडलं तर काही मॉडेलं चित्र सोडतच नाहीत.

चार्जर आधी लावायचा, यामागे कारण आहे. चार्जर येतो-जातो तेव्हा हब आणि टॅब "वीज कोण कोणाला देणार" ही बोलणी पुन्हा पहिल्यापासून करतात. त्या दोन-तीन सेकंदांत चित्र जातं. वर्ग रंगात आलेला असताना कुणी पायाने चार्जर उपटला, की टीव्ही काळा होतो आणि सगळे टॅबकडे संशयाने बघतात. चार्जर ३० वॉट किंवा त्यापुढचा असलेला बरा, कारण त्यातली थोडी वीज हब स्वतःच खातो.

आता टॅबवर काय दिसेल? आयपॅड काही न विचारता पडद्याचं प्रतिबिंब टीव्हीवर टाकतो. सॅमसंगच्या बोलक्या टॅबवर सूचना येते: डेक्स सुरू करायचं की स्क्रीन मिररिंग? काकूंसारखं फक्त लिहिलेलं दाखवायचं असेल तर मिररिंग घ्या. डेक्सने टीव्हीवर संगणकासारखा वेगळाच पडदा उघडतो, आणि भर वर्गात शिक्षकाचीच वाट चुकते.

हब लटकत ठेवू नका. त्याच्या आणि जाड एचडीएमआय केबलच्या वजनाने टॅबचं भोक हळूहळू सैल होतं. हब टेबलावर टेकेल असा टॅब ठेवा, आणि केबल टेबलाच्या पायाला एकदा गुंडाळून घ्या, म्हणजे कुणी अडखळलं तर ओढ टेबलाला बसेल, टॅबला नाही.

चित्र आलं, पण

काकूंकडे शेवटी मुलाचा वापरून बाजूला पडलेला, बोलक्या भोकाचा टॅब आला आणि पहिल्याच झटक्यात चित्र दिसलं. मी विजयी मुद्रेने खुर्चीत बसलो. काकूंनी मोडीच्या रिवाजाप्रमाणे वर श्रीकार काढला, आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढली आणि तिला अक्षरं टांगायला सुरुवात केली. टीव्हीवर श्रीकार नव्हताच, आणि रेघेची दोन्ही टोकं चौकटीबाहेर गेलेली. काकू म्हणाल्या, "वरचा श्रीकारच गिळला रे या टीव्हीने!"

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काळच्या टीव्हींत कडा सरळ येत नसत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा झाकायची सवय लागली, ती आजही अनेक टीव्हींत तशीच आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये "पिक्चर साइझ" किंवा "आस्पेक्ट रेशो" शोधा आणि त्यात "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट", "फुल पिक्सेल" यांपैकी जे नाव दिसेल ते निवडा. कडा परत येतात. टॅबवर काही करावं लागत नाही. ही सेटिंग त्या त्या एचडीएमआय भोकापुरती असते, त्यामुळे पुढच्या वेळी दुसऱ्या भोकात केबल घातली की पुन्हा करावी लागते.

दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या हा मात्र बिघाड नाही. टीव्ही १६:९ आकाराचा असतो. बरेच अँड्रॉइड टॅब १६:१० असतात, तेव्हा १९२० बिंदू रुंदीच्या टीव्हीवर दोन्हीकडे प्रत्येकी ९६ बिंदू काळे राहतात. ते डोळ्याला खटकत नाही. ४:३ आकाराच्या टॅबमध्ये मात्र प्रत्येकी २४० बिंदू जातात, म्हणजे टीव्हीचा पाव भाग अंधारात. पट्ट्या घालवायला टीव्हीवर "झूम" केलं तर वरचं-खालचं कापलं जाईल, आणि श्रीकार पुन्हा गायब. पट्ट्या राहू द्या. टॅब मात्र आडवाच धरा. उभा धरलात तर टीव्हीच्या मधोमध आगगाडीच्या तिकिटाएवढं चित्र येतं.

आवाज एचडीएमआयमधून टीव्हीत जातो. तो टॅबमधूनच यायला हवा असेल, तर आवाजाच्या पट्टीजवळच्या "आउटपुट" चिन्हावर बोट ठेवून बदलता येतो. ब्लूटूथ कानात राहिलं असेल तर आवाज तिथे जातो आणि सगळे टीव्हीचा रिमोट हापटत बसतात.

लिहिताना हात पुढे आणि टीव्हीवरची रेघ मागे, असं होत असेल तर टीव्हीचा "गेम मोड" चालू करा. टीव्ही चित्र सुंदर करण्यात जो वेळ घालवतो, तो वाचतो. मोडी शिकवताना याचा खरंच उपयोग होतो, कारण काकू तोंडाने "इथून लपेट, आता खाली" म्हणतात तेव्हा रेघ त्याच क्षणी वळायला हवी.

वर्गाआधी दोन गोष्टी विसरू नका. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ जेवढी जास्त मिळेल तेवढी करा, कारण टॅब झोपला की टीव्हीही जातो. आणि "डू नॉट डिस्टर्ब" लावा. पहिल्या शनिवारी, पेशवाईतल्या एका पत्राच्या मायन्यावर वीस जण मान वाकवून बसलेले असताना, टीव्हीवर भल्या मोठ्या अक्षरांत उमटलं: "आई, दही विरजलंस का?"

चित्र येतच नसेल तर याच क्रमाने बघा. टीव्हीचा सोर्स बरोबर आहे का. टॅब काढून, दहा सेकंद थांबून पुन्हा लावा. प्लग उलटा करा. एचडीएमआय केबल बदला. टॅब बंद करून चालू करा. टॅबच्या भोकात कापसासारखी धूळ साचते, त्यामुळे प्लग पूर्ण आत बसत नाही. टॅब बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढा, सुई किंवा पिन घालू नका. एवढं करूनही काळाच पडदा असेल, तर पुन्हा पहिल्या भागाकडे जा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

ओटीटीवरचा सिनेमा लावला की आवाज येतो आणि पडदा काळा, हे वेगळं प्रकरण आहे. त्या चित्राला एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. साखळीतला टॅब, हब, टीव्ही यांपैकी एक जरी ते कुलूप ओळखत नसेल तर चित्र अडवलं जातं. त्यात डोकं घालण्यापेक्षा टीव्हीतलंच ॲप उघडा.

टेबलावर कामाला बसायचं असेल तर

ज्यांना टॅबला मॉनिटर, कीबोर्ड, माऊस लावून त्याचाच संगणक करायचाय, त्यांना प्रतिबिंब नको असतं, दुसरा स्वतंत्र पडदा हवा असतो. आयपॅडमध्ये हे एम१ किंवा त्यापुढच्या चिपवरच होतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयपॅडओएस १६.२ पासून, स्टेज मॅनेजर चालू केलं की बाहेरच्या पडद्यावर वेगळ्या खिडक्या उघडता येतात. साधा आयपॅड किंवा मिनी घेऊन ही अपेक्षा ठेवली तर प्रतिबिंबच मिळेल. सॅमसंगच्या बोलक्या टॅबमध्ये डेक्स हेच काम करतं. दोन्हीकडे माऊस आणि कीबोर्ड हवेतच, कारण समोरचा मॉनिटर बोटांना ओळखत नाही. हिशेबाची पत्रकं आणि लेखन यावर निभतं. त्यापलीकडचं काम असेल तर मी लॅपटॉपच घ्या म्हणेन.

भोक मुकं निघालं तर

काकूंचा पहिला टॅब आम्ही महिनाभर असाच चालवला, त्यामुळे या वाटा मला पाठ आहेत.

बिनतारी पद्धत सगळ्यात स्वस्त, कारण बहुतेक स्मार्ट टीव्हींत ती असतेच. अँड्रॉइड टॅबवर वरची पट्टी खाली ओढा आणि "कास्ट" किंवा सॅमसंगवर "स्मार्ट व्ह्यू" दाबा. गुगल कास्टसाठी टॅब आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. मिराकास्टला राउटर लागत नाही, दोघं थेट बोलतात. आयपॅडला मिराकास्ट येत नाही, त्याला एअरप्ले समजणारा टीव्ही लागतो. मग कंट्रोल सेंटरमधून "स्क्रीन मिररिंग". हॉलचं पाहुण्यांसाठीचं वायफाय असेल तर सावध राहा. अशा वायफायवर एक उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी सोय अनेकदा केलेली असते, त्यामुळे टीव्ही यादीत येतच नाही. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट चालू करून टॅब आणि टीव्ही दोघांना त्यावर घ्या.

फोटो आणि स्लाइड दाखवायला ही पद्धत छान. लिहून दाखवायला नाही. पेन आणि टीव्हीवरची रेघ यांत जाणवेल एवढं अंतर पडतं, आणि पेठेतल्या एकाला एक लागून असलेल्या इमारतींत वायफायची एवढी गर्दी असते की मध्येच चित्र गोठतं.

दुसरी युक्ती लॅपटॉपची. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, त्यावर गुगल मीट उघडा, टॅबवरून त्याच मीटमध्ये या आणि पडदा शेअर करा. दोन्हीकडचे माईक बंद करायला विसरलात तर हॉलमध्ये शिट्टी वाजेल. यात थोडी दिरंगाई राहते, पण बाहेरगावचे विद्यार्थीही त्याच दुव्यावर बसू शकतात. काकूंचे नाशिकचे दोन विद्यार्थी असेच चिकटले, ते आजही आहेत.

तिसरा उपाय म्हणजे डिस्प्लेलिंक चिप असलेला अडॅप्टर. तो चित्र साध्या यूएसबी डेटाच्या रूपाने नेतो, म्हणून ओटीजी असलेल्या मुक्या भोकातूनही चालतो. अँड्रॉइड ५ किंवा पुढचं आणि डिस्प्लेलिंक प्रेझेंटर हे ॲप लागतं. नुसतं प्रतिबिंब मिळतं, ओटीटी चालत नाही, आणि यूएसबी २.० वर हालचाल जराशी तुटक दिसते. किंमत साध्या हबपेक्षा बरीच जास्त. दुकानात खोक्यावर डिस्प्लेलिंक हे नाव छापलंय का, ते स्वतः वाचा.

जुन्या हॉलचा प्रोजेक्टर

पुण्यात व्याख्यानाच्या हॉलांना तोटा नाही, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी छताला अजून निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलचा प्रोजेक्टर टांगलेला असतो. त्यासाठी यूएसबी-सी ते व्हीजीए अडॅप्टर मिळतो, किंवा हबच्या एचडीएमआयपुढे एचडीएमआय ते व्हीजीएचा छोटा तुकडा लावता येतो. व्हीजीएमधून आवाज जात नाही, तो हॉलच्या ध्वनियंत्रणेला वेगळा द्यावा लागतो. असे प्रोजेक्टर बरेचदा १०२४ बाय ७६८ चे, म्हणजे ४:३ आकाराचे. टीव्हीवर पाव पडदा वाया घालवणारा ४:३ टॅब इथे पुरेपूर भरतो. हॉल ठरवताना फोनवर "प्रोजेक्टर आहे का" एवढंच विचारू नका. "केबलचं टोक कसलं आहे, आणि ती टेबलापर्यंत पोहोचते का" हे विचारा. शक्य झालं तर आदल्या दिवशी जाऊन लावून बघा.

काकूंच्या कापडी पिशवीत आता हब, पाच मीटरची एचडीएमआय केबल, चार्जर, व्हीजीएचा तुकडा, टीव्हीच्या रिमोटसाठी दोन पेन्सिल सेल आणि पेनाची एक जादा निब असते. त्याखाली कित्त्याच्या वीस छापील प्रती आणि खडूंची एक डबी. गेल्या महिन्यात ऐन वर्गात लाईट गेली, तेव्हा त्या प्रतीच वाटल्या गेल्या.